जिभेखालची गोळी चालू असताना जगणं कसं असतं? कोल्हापूरकर विचारतात ते प्रश्न

ही गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, गर्द-अफूसारख्या नशेच्या व्यसनावरची, आणि मी स्वतः ती घेतो. त्यामुळं चहाच्या गाड्यावर, ओपीडीच्या बाकावर, कधी रात्री अकराला फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकूया. डॉक्टर नाही मी, त्यामुळं डोस किती, कधी वाढवायचा-कमी करायचा हे तुमच्या डॉक्टरनं ठरवायचं. इथं मुद्दा एवढाच आहे की गोळी चालू असताना माणूस जगतो कसा, कारण ते कुणी सांगत नाही.

ही ट्रीटमेंट म्हणजे नेमकं काय?

गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अफू, टॅपेंटाडॉल-ट्रामाडॉल या पेनकिलर, कोडीनचं खोकल्याचं सिरप, हे सगळं एकाच कुळातलं. मेंदूत एकाच जागी जाऊन बसतं. सवय लागली की बंद केल्यावर टर्की येते, म्हणजे जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पाय ओढणं, जुलाब, आणि झोप तर विसराच. या ट्रीटमेंटमध्ये त्याच जागी बसणारं पण लांब चालणारं औषध रोज मोजून देतात. आपल्याकडं मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी, आणि काही सेंटरवर मेथाडोन, ते प्यायचं सिरप. ब्युप्रेनॉर्फिनची गंमत अशी की ते अर्धवटच जोर लावतं, एका मर्यादेपुढं कितीही घेतलं तरी नशा वाढत नाही, पण टर्की थांबते आणि तलफ बसते.

ही काल-परवाची टूम नाही. न्यूयॉर्कमधल्या मेथाडोनच्या उपचाराचे पहिले निकाल १९६५ साली छापून आले, जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घेतली, आणि भारतात नॅकोनं, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेनं, २००७-०८ च्या सुमारास हे आपल्या कार्यक्रमात आणलं, कारण सुया वाटून घेतल्यानं एचआयव्ही पसरत होता.

म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरायची, असंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा सासऱ्याकडून किंवा मोठ्या भावाकडून येतो.

शरीराला गोळीची सवय राहते, हे खरंय, लपवण्यात अर्थ नाही. एकदम बंद केली तर त्रास होणार. पण नशेतला दिवस कसा जातो ते बघा. गर्दवाल्या माणसाला दर सहा-आठ तासांनी माल लागतो, म्हणजे सकाळी उठल्यापासून पैशाची जुळवाजुळव, मग माणूस गाठायचा, मग ओढायचं, मग दोन तास बरं वाटणार की पुन्हा तेच, त्यात कामावर जाणार कधी आणि पोराला शाळेत सोडणार कधी. गोळी दिवसातून एकदा. घेतली की विषय संपला, झिंग नाही, डोळे मिटत नाहीत, उरलेला दिवस तुमचा. सासऱ्यांना मी एवढंच विचारतो की मामा, जावई आता पगार घरी आणतोय का नाही? आणत असला तर मग गोळीवर एवढा राग कशाला.

क्वालिटी ऑफ लाइफ सुधारते म्हणतात, ती मोजतात कशी?

जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली आहे, २६ प्रश्नांची. त्यात चार भाग असतात: शरीर, मन, नातीगोती, आणि आजूबाजूची परिस्थिती म्हणजे घर, पैसा, सुरक्षितता, दवाखाना जवळ आहे का वगैरे. बऱ्याच अभ्यासांत साधारण असं दिसतं की ट्रीटमेंटच्या पहिल्या काही महिन्यांत आकडा झपाझप वर जातो आणि मग थबकतो. शरीर लवकर सावरतं. मन आणि नाती मागं राहतात.

आमच्या बाकावरची प्रश्नावली वेगळी आहे. रात्री सलग झोपलास का, वीस तारखेला खिशात पैसे आहेत का, लग्नकार्यात मावशी स्वतःहून बोलली का, आणि बायको पर्स टेबलावर ठेवून आंघोळीला जाते का. यातलं शेवटचं सगळ्यात उशिरा होतं, वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, आणि त्यावर चिडून काही उपयोग नाही कारण पर्समधनं पैसे आपणच काढलेले असतात.

सुरुवातीचे दिवस लै वाईट जातात का?

चुकीच्या वेळी पहिली गोळी घेतली तर हो. अंगात गर्द किंवा टॅपेंटाडॉल अजून असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतलं तर ते आधीच्या मालाला जागेवरून ढकलून देतं आणि अर्ध्या-एक तासात जबरी टर्की सुरू होते. मग माणूस सगळीकडं सांगत सुटतो की गोळी बोगस आहे. म्हणून पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच द्यायची असते, गर्द असेल तर शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तास थांबून, लांब चालणारं काही घेत असाल तर त्याहून जास्त. डॉक्टर विचारतात शेवटचं कधी घेतलंस, तेव्हा खरं सांगा. तिथं मारलेली थाप आपल्याच अंगावर येते. सुरुवात छोट्या डोसनं होते आणि काही दिवसांत वाढवत नेतात.

गोळी घ्यायची कशी? गिळली तर चालत नाही का?

गिळली तर वाया गेली, पोटातून फार कमी लागू पडते. जिभेखाली ठेवायची, चावायची नाही, पाच-दहा मिनिटं तोंड बंद. चव कडवट. तोंडात लाळ साठत जाते, गिळावंसं वाटतं पण थांबायचं, आणि नेमकं तेव्हाच दारात शेजारचे काका येऊन "काय म्हणतंय, बरं हाय का?" विचारतात आणि तुम्ही तोंडाकडं बोट दाखवत मान हलवत उभे. मी आता दात घासायला जातो असं दाखवतो.

दातांचं मात्र मनावर घ्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जानेवारी २०२२ मध्ये इशारा दिला होता की तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिननं दात किडायचे प्रकार दिसलेत. गोळी पूर्ण विरघळली की एक घोट पाणी तोंडात खुळखुळवून गिळायचं, आणि ब्रश लगेच न करता तासाभरानं करायचा. आपल्यातल्या अर्ध्या लोकांचे दात मावा आणि तंबाखूनं आधीच गेलेत, त्यात ही भर नको.

घरचे म्हणतात डोस जेवढा कमी तेवढं चांगलं. बरोबर आहे का?

नाही. कमी डोस म्हणजे दुपारनंतर तलफ, आणि तलफ म्हणजे गंगावेशला जायच्या नावाखाली भलतीकडंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनात ब्युप्रेनॉर्फिनचा चालू डोस सरासरी दिवसाला निदान ८ मिलिग्रॅम असावा असं म्हटलंय. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत जी घरच्यांना खूश ठेवायला दोनच मिलिग्रॅमवर कुथत बसली आणि वरून गुपचूप ट्रामाडॉल घेत होती. डोस पुरेसा आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशीच्या गोळीच्या वेळेपर्यंत तुम्हाला तिची आठवणही येत नाही.

किती वर्षं घ्यायची? बंद कधी होणार?

याला एक ठराविक उत्तर नाही. काहीजण दोन वर्षांनी हळूहळू कमी करून थांबतात, काहीजण दहा वर्षं घेतात, आणि दहा वर्षं घेणारा नापास असं काही नसतं. घाई करून थांबणारे बरेचजण परत नशेला लागतात, हे जगभर दिसलंय.

आणि यात एक जीवघेणी गोष्ट आहे जी घरच्यांना माहीतच नसते. औषध थांबलं की शरीराची सहनशक्ती उतरते. मग कधीतरी कट्ट्यावर जुना दोस्त भेटला आणि जुन्याच मापानं घेतलं तर श्वास थांबू शकतो. ट्रीटमेंट चालू असताना मरण्याचा धोका बाहेर असतानाच्या निम्म्याहून कमी असतो, आणि सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. म्हणून पोराला कुठंतरी महिनाभर कोंडून "साफ" करून आणलं आणि औषधाशिवाय सोडून दिलं की माझ्या पोटात गोळा येतो. बंद करायचंच असेल तर डॉक्टरबरोबर, महिनोन्महिने, थोडं थोडं, आणि आयुष्य जरा स्थिर असताना. नुकतीच नोकरी गेलीय किंवा घरात कुणी वारलंय, तेव्हा तर नाहीच.

रोज सेंटरला जायचं तर नोकरी कशी करायची?

इथं माझा खरा राग आहे. नॅकोची पद्धत सुरुवातीपासून डोळ्यांसमोर डोस देण्याची, म्हणजे रोज या, लाइनीत उभे राहा, समोर गोळी विरघळवा. गोळी बाहेर विकली जाऊ नये म्हणून हे, कारण कळतं. पण शिरोलीत फाउंड्रीत सातच्या पाळीला असणारा माणूस दहाला उघडणाऱ्या खिडकीपुढं उभा राहणार कसा? सुपरवायझरला रोज काय कारण सांगणार? माणूस बरा व्हावा म्हणून दिलेलं औषधच त्याची नोकरी खातं, आणि मग फाइलवर लिहितात पेशंट अनियमित.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी न्यायला गोळ्या द्यायची मोकळीक मिळाली, आणि जगबुडी काही आली नाही. खाजगी मानसोपचारतज्ज्ञ ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची एकत्र गोळी लिहून देतात, बहुतेकदा आठवड्याची किंवा पंधरवड्याची. त्यातलं नॅलोक्सोन जिभेखाली काही करत नाही, पण कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर टर्की आणतं, त्यामुळं तिचा गैरवापर कमी. खर्च पडतो, पण गोकुळ शिरगावला बारा तास उभा राहणाऱ्याला खाडे परवडत नाहीत, तेव्हा हिशोब करून बघा. आणि तुमची तब्येत काही महिने स्थिर असेल तर घरी न्यायच्या डोसबद्दल स्वतःहून विचारा. मागायला लाजू नका. बोलण्याची पद्धत, लाइनीतला ताटकळा, सगळ्यांसमोर मोठ्यानं नाव पुकारणं, याचाही जगण्यावर परिणाम होतो. माझ्याच अनुभवात एका ठिकाणी कंपाउंडर सगळ्यांना "ए गर्दुल्ल्या" म्हणायचा. मी ते ठिकाण सोडलं, पण किती जणांनी ट्रीटमेंटच सोडली असेल.

महापूर आला, रस्ते बंद झाले तर?

कोल्हापूरकरांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेनं काय केलं ते आठवतंय ना, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली, दिवसेंदिवस गाड्या बंद, आणि जुलै २०२१ ला पुन्हा तेच. ब्युप्रेनॉर्फिन अंगात टिकतं, एखादा दिवस चुकला तर लगेच आभाळ कोसळत नाही, पण तीन-चार दिवस म्हणजे टर्की. जुलै लागला की डॉक्टरशी आधीच बोलून ठेवा: पाणी वाढायला लागलं तर जादा गोळ्या मिळतील का, दुसऱ्या गावाहून घेता येतील का. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या एका माणसाकडं ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत.

साइड इफेक्ट काय आहेत?

बद्धकोष्ठता, हा नंबर एक. पाणी, पालेभाजी, भाकरी, चालणं, आणि तरी नाही जमलं तर डॉक्टरकडून औषध. घाम फार येतो. सुरुवातीला डोकं दुखतं, झोप उलटसुलट होते. आणि ज्याबद्दल पुरुष बोलत नाहीत ते म्हणजे इच्छा कमी होणं, हार्मोन खाली जाऊ शकतात, मेथाडोनवर हे जास्त दिसतं. याचे उपाय आहेत, तपासण्या आहेत. बायको समजते की बाहेर काहीतरी चालू आहे आणि नवरा समजतो की आपण संपलो, दोघंही चूक, आणि डॉक्टरला एक वाक्य सांगितलं असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं.

बरोबर दारू किंवा झोपेची गोळी चालते?

नाही. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या किंवा दारू यांच्याबरोबर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच दगावू शकतो. झोप लागत नसेल तर डॉक्टरला सांगा, मेडिकलवाल्याला नाही.

जिमची इंजेक्शनं, गांजा, दारू, यावर ही गोळी चालते का?

नाही. पोरं जिममध्ये मेफेंटरमिनची इंजेक्शनं घेतात, ते वेगळंच प्रकरण, उत्तेजक आहे ते. त्यावर ब्युप्रेनॉर्फिनचा उपयोग शून्य. गांजा-दारूचंही तेच. पण तालमीत खांदा निखळला म्हणून सुरू केलेलं ट्रामाडॉल सुटेना झालंय, असं असेल तर मात्र दाखवा. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी लोक त्याला अजून साधी पेनकिलरच समजतात.

सुया वापरल्या असतील तर?

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्ही तपासून घ्या. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांना १२ आठवडे, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. कायमचा थकवा हा नशेचा उरलेला भाग असं समजून कितीजण वर्षानुवर्षं लिव्हरचा आजार अंगावर काढतात.

गरोदरपणात बंद करायची ना?

नका करू. एकदम बंद केली तर बाळाला आणि आईला धोका जास्त. चालू ठेवणं हीच जगभरची पद्धत आहे. बाळाला जन्मानंतर काही दिवस त्रास होऊ शकतो, रडणं, थरथर, दूध नीट न ओढणं, आणि त्यावर उपचार होतात, म्हणून डिलिव्हरीच्या डॉक्टरला आधीच माहीत पाहिजे. अंगावर पाजायलाही सहसा हरकत नसते.

ताई लोकांबद्दल एक सांगतो. पुरुष गोळीवर असला की "बिचारा सुधारतोय" आणि बाई असली की तिच्या माहेरापर्यंत बोलणी जातात. त्यामुळं त्या येतच नाहीत, आल्या तर तोंड बांधून येतात. अशा घरात नणंद-जाऊ यांच्यातली एकजण जरी बाजूनं उभी राहिली तर फार फरक पडतो.

लग्न ठरतंय, मुलीकडच्यांना सांगायचं का?

होणाऱ्या बायकोला सांगा. भावकीला सांगायची गरज नाही. लपवून केलेलं लग्न पहिल्याच महिन्यात जिभेखालच्या गोळीवर अडकतं. सांगताना डॉक्टरकडं सोबत घेऊन गेलात तर उत्तम.

पोलिसांनी गोळ्या पकडल्या तर?

ब्युप्रेनॉर्फिन एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आहे, त्यामुळं प्रिस्क्रिप्शन आणि बिल सोबत पाहिजेच, गोळ्या मूळ पाकिटात. गाडीच्या डिकीत सुट्ट्या गोळ्या नकोत. याच कायद्यातलं कलम ६४-अ अशा व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देतं ज्याच्याकडं थोडाच माल सापडला आणि जो स्वतःहून मान्य दवाखान्यात उपचार घेतो, पण उपचार पुरा करावा लागतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी संबंधित आजार धरलेत, म्हणजे तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि कुठल्याही केंद्रात साखळीनं बांधणं बेकायदा आहे.

गाडी चालवणं, कंपनीची टेस्ट, गल्फची नोकरी?

सुरुवातीला आणि डोस बदलला की काही दिवस गाडी नको. डोस स्थिर झाला आणि झोपाळलेपण नसलं की बहुतेकजण नीट चालवतात. अफूची साधी लघवी टेस्ट सहसा ब्युप्रेनॉर्फिन दाखवत नाही, त्याची वेगळी पट्टी असते. तरी कागद जवळ ठेवा. गल्फला जाणार असाल तर तिथले नियम फार कडक आहेत, औषधाची परवानगी आधी काढल्याशिवाय एकही गोळी बॅगेत टाकू नका.

ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालं तर?

आधी सांगा, लाज नंतर. दुखण्यावरचं पेंटाझोसिनचं इंजेक्शन किंवा व्यसनावरचीच नाल्ट्रेक्सोनची गोळी यांनी टर्की येऊ शकते. दुखणं कमी करायला तुम्हाला वेगळा हिशोब लागतो, आणि "याला नशाच पाहिजे" म्हणून कुणी पेनकिलर नाकारत असेल तर तुमच्या मानसोपचाराच्या डॉक्टरला फोन लावून द्या. ऑपरेशनसाठी स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका.

उपवास, रोजा, जोतिबाची यात्रा?

दिवसातून एकदाच असल्यानं वेळ सरकवता येते. आमच्यातला एकजण रमजानमध्ये सहरीच्या आधी घेतो. चैत्रात डोंगरावर जाताना गोळ्या गुलालाच्या पिशवीत टाकू नका, एवढंच.

सगळं ठीक आहे, पण संध्याकाळ खायला उठते. काय करू?

हे कुणी आधी सांगत नाही. नशेत सगळा दिवस माल मिळवण्यात जायचा, आता सहा वाजता सुट्टी झाली की पुढं काय? जुने दोस्त नकोत, नवे अजून नाहीत, रंकाळ्यावर गेलं तर तेच चेहरे. वर सांगितलं तो थबकलेला आकडा बराचसा इथंच अडकतो. उदास वाटणं, कशात मन न लागणं हे महिनाभर टिकलं तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार असतात, डोस वाढवून ते जात नाही. बाकी कुणी सकाळी तालमीत माती उकरायला जातो, कुणी गाड्यावर मिसळ वाढायला उभा राहतो. मी भावाच्या म्हशींचं दूध घालायला जातो. पैसे फार नाहीत, पण पाच घरची माणसं वाट बघतात, आणि उशीर झाला की शिव्या घालतात, ते बरं वाटतं.

घरच्यांनी काय करायचं?

रोज डोळे तपासू नका. गोळी घेतली का एकदा विचारा, मग जेवलास का विचारा. कुठल्याही भांडणात "तू गर्दुल्लाच" हे शेवटचं हत्यार काढू नका. पाय घसरला तर घराबाहेर न काढता डॉक्टरकडं न्या, एकदा घेतलं म्हणून ट्रीटमेंट फुकट जात नाही.

कोल्हापुरात सुरुवात कुठून करू?

टाउन हॉलजवळचं सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना, तिथं मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा, ही औषधं तिथं मिळतात का नाहीतर कुठं पाठवतील हे तेच सांगतील. फोनवर आधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. जाताना आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, आणि सध्या जे काही घेताय त्याची रिकामी पाकिटं घेऊन जा, म्हणजे नाव आठवत बसायला नको. सोबत एखादं माणूस असलं तर बरं, नसलं तर एकटेच जा. सकाळी लवकर जा, दुपारी केसपेपरची खिडकी बंद होते.